शेवग्याचा पाला आणि काड्या

माझा धाकटा दीर पिंपळगावला हायवेलगतच्या आमच्या शेतात शेवगा लावून त्याच्या पाल्याची पावडर विकतो. मी नाशिकला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमचं कधीच फारसं पटलं नाही. शेवग्यानं उरलंसुरलंही गेलं.

सासूबाईंच्या अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण लेकाची पावडर घरात असताना गोळ्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी मी दळण चालू असताना तिथे उभी राहिले. पाल्याबरोबर जाड देठ, काड्या, सगळंच यंत्रात जात होतं.

"भावजी, पोषण पानात असतं. काडीत नुसता चोथा. वजन तेवढं वाढतं."

"झाड तर एकच हाय ना, वहिनी? तुमचं शिकवणं कॉलेजात ठेवा."

"त्यात हे हायवेची धूळ खाणारं झाड. पेठ तालुक्यातल्या डोंगरातला पाला कितीतरी चांगला असेल."

हे मी रागात बोलले. तो म्हणाला, "मग तपासा की."

मी तपासून घेतलं. दोन्हीकडचा पाला धुऊन सावलीत वाळवला, आमच्या शेतातल्या काड्या वेगळ्या काढल्या आणि सगळं प्रयोगशाळेत दिलं. काड्यांत खरंच फारसं काही निघालं नाही. पण पेठचा पालाही मागे पडला. ज्या उतारावरून तो आणला होता, तिथली माती पावसानं धुऊन गेलेली. आमच्या काळ्या जमिनीतल्या पानात लोह आणि कॅल्शियम जास्त होतं. मला ते जड गेलं, तरी जेवताना सगळ्यांसमोर दोन्ही गोष्टी सांगितल्या.

त्यानं एकच ऐकली. नव्या पाकिटांवर छापून आलं, 'डोंगरातल्या पाल्यापेक्षा सरस'. काड्या दळणं चालूच.

दिवाळीत त्याच्या दुकानात एका बाईंनी मला विचारलं, "बाळंतिणीला द्यावी का ही?"

"यात काड्याही दळल्यात. त्यापेक्षा कोवळा पाला आणून भाजी करा."

बाई पाकीट ठेवून गेल्या. दीर गल्ल्यावरून उठला. "माझ्याच दुकानात उभं राहून माझं गिऱ्हाईक तोडता? परत हितं पाय ठेवू नका."

मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "शिकलीस म्हणून घर फोडणार का?" माझा नवरा मोबाइलमध्ये बघत राहिला.

पुढे सासूबाईंना चक्कर आली, तेव्हा नवरा त्यांना नाशिकला घेऊन आला. गोळ्या घेतल्याच नाहीत म्हणून डॉक्टर त्यांच्यावर चिडले. गोळ्या मी रोज समोर उभी राहून घ्यायला लावल्या. रक्त वाढलं, त्या गावी परतल्या आणि लेकाच्या पावडरीनं बरी झाले म्हणून सांगू लागल्या. आता दीर गिऱ्हाइकांना आईचंच उदाहरण देतो.

"सोड ना आता," नवरा म्हणतो.

मी सोडलेलं नाही. पिंपळगावला जात नाही. नात्यातल्या कुणी त्या पावडरीचं विचारलं, तर तिच्यात काय आहे ते सांगते. ते त्याच्या कानावर जातं, हेही मला माहीत आहे.