गणू झाड हलवायला यायचा

गणू गेल्याची बातमी हट्ट्याच्या बाजारात हिंगोलीकडच्या एका बांगडीवाल्यानं दिली. मी त्याला म्हणालो, "थापा मारायचं काम या गावात माझ्याकडं हाय बाबा, तू बांगड्या विक." तो बिचारा नुसता हातातल्या बांगड्या दोऱ्यात ओवत राहिला. त्यानं मान वर केली नाही, त्यावरून मला कळलं की बातमी खरी आहे... त्याला आज सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं. लिहितो. पण आधी त्यानं माझं काय केलं ते सांगतो.

गणू आणि मी हिंगोलीच्या शाळेत एका पाटीवर शिकलो. पाटी एकच असल्यामुळं अर्धी अक्कल त्याला आली आणि अर्धी मला. खरं बोलायची सगळी त्याच्याकडं गेली. वर्गात शाईची दौत सांडली की मास्तर बाकी कुणाला विचारतच नसत. "गणपत, तू सांग." गणू सांगेल तो गुन्हेगार. माझं उलटं होतं. पूर्णेच्या डोहात मी एवढा मासा पाहिला की त्याच्या पाठीवर तीन बाया खडक समजून धुणं धूत होत्या, असं एकदा सांगितलं, तेव्हापासून मी "आज वार बुधवार" म्हणालो तरी लोक दुसऱ्याला विचारून घेतात. तक्रार नाही. मासा खरं तर दोनच बायांपुरता होता.

पुढं मी हट्ट्याला हळदीच्या शेतीत पडलो आणि गणू हिंगोलीत एका मोठ्या अंमलदाराच्या बंगल्यावर बागवान लागला. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. एकदा थंडीत त्याच्याकडं गेलो तर हात धरून मला बंगल्यामागं घेऊन गेला. "आप्पा, डोळे झाक. आता उघड." समोर लाकडी पिंपात केळीसारखी लांब पानं, आणि त्यांच्यातून मान वर काढून एक पाखरू बसलेलं. हिरवी चोच, डोक्यावर केशरी तुरा, मधे निळी जीभ. मी हुसकायला हात वर केला. गणू हसून हसून खाली बसला. ते फूल होतं. अंमलदारानं बंगळूरहून आणवलेलं; एका चोचीतून एक फूल वाळलं की दुसरं बाहेर येतं, महिनाभर चालतं. साऱ्या परभणी जिल्ह्यात हे एकाच ठिकाणी फुलतं म्हणून दौऱ्यावरचे साहेबलोक मुद्दाम बघायला येत, आणि अंमलदार म्हणत, "आमच्या गणपतच्या हाताचा गुण."

गावात येऊन मी हे सांगितलं. झाडाला पाखरू लागतं, म्हणालो. अख्खी चावडी हसली. शेजारचा किसनराव म्हणाला, "आप्पा, मंग अंडी देठाला लागत्यात का पानाला?" आयुष्यात पहिल्यांदा मी तिखटमीठ न लावता एक गोष्ट सांगितली होती. खोटं नाकारलं तर मला कधी वाईट वाटलेलं नाही, पण हे फार लागलं. पुढच्याच गाडीनं हिंगोली गाठली आणि गणूला म्हणालो, मला एक फुटवा दे. हे झाड माझ्या अंगणात फुललं पाहिजे, त्याशिवाय मला गावात तोंड नाही. तो बराच वेळ माती चाळत बसला. मग म्हणाला, "देतो. पण निगा मी सांगीन तशी. हात लावायचा तो माझाच."

फुटवा मी ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन वसमतपर्यंत आणला. तिकीटबाबूनं लेकराचं अर्धं तिकीट मागितलं, इतका जपून आणला.

आणि मग दर साली, मृगाच्या आधी, गणू यायचा. स्वतःची कुदळ घेऊन. आमच्या भागात केळीचा कंद उपटून नव्या खड्ड्यात लावतात, सगळ्यांना ठाऊक आहे. गणू म्हणाला, हिचंही तसंच. "नवी जागा, मोठा खड्डा. मुळाला ऐसपैस पाहिजे, आप्पा." दोन दिवस राहायचा. पहिल्या दिवशी खड्डा, दुसऱ्या दिवशी झाड. मुळं अशी अलगद सोडवायचा की जणू झोपलेल्या पोराचं आंगडं काढतो आहे. माझी बायको त्याच्यासाठी पुरणपोळी करायची. जाताना तो झाडाकडं बघून म्हणायचा, "यंदा न्हाई तर पुढल्या साली."

दहा वर्षं ते झाड माझ्या अंगणभर हिंडलं. विहिरीजवळ होतं, गोठ्याजवळ गेलं, तुळशीमागं आलं; आमच्या बैलांपेक्षा त्याचा प्रवास जास्त झाला. पानं अशी माजली की एकदा किसनरावाच्या घरी सत्यनारायण होता तर त्याची माणसं चौरंगाला बांधायला चार पानं कापून घेऊन गेली. भटजींनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, ही कसली केळ, चामड्याची? तेव्हापासून गावानं नाव ठेवलं : आप्पाची बिनघडाची केळ. लग्नात, बाजारात, कुठंही कुणी फार फुगवून बोललं की दुसरा म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, केळीला घड येऊ दे आधी." मी गणूला हे सांगायचो. तो खाली मान घालून कुदळीची माती खरवडायचा.

लढाई संपली त्या साली त्याचे गुडघे गेले. येणं थांबलं. हात त्याचाच लागायचा, म्हणून मीही झाड हलवलं नाही. शेवटचा भेटलो तो याच पावसाळ्यात. खाटेवर पडून होता. विचारलं, "हलवलंस का?" म्हणालो, "तू न्हाईस तर कोण हलवणार?" तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे... आता ऱ्हाऊ दे." मला वाटलं, दुखणं बोलतंय.

तेराव्याला हिंगोलीला गेलो. जेवणं झाल्यावर त्याची लेक चंद्रभागा मला बंगल्यामागं घेऊन गेली. तेच पिंप. मुळांनी फळ्या फोडल्या होत्या, लोखंडी पट्टी तुटायला आली होती, आणि सात चोची वर. नवा बागवान मोठं पिंप घेऊन आला तशी चंद्रभागा त्याच्यावर ओरडली, "हलवू नका तिला. मुळं दाटली तरच फुलते ती. हलवली की दोन-तीन साल रुसून बसते."

मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं, पोरी?"

"आबांनी. मी परकर नेसत व्हते तवापासून सांगत व्हते. काहून, आप्पाकाका? तुमच्याकडं किती फुलली?"

मी फुटलेल्या फळ्या बघत राहिलो. ती हुशार आहे. माझ्या तोंडाकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तुमच्याकडं फुललं असतं तर बंगल्यावर कोण आलं असतं बघायला... आबा एवढंच म्हणायचे, आप्पाला न्हाई म्हणता आलं न्हाई."

नाही म्हणता आलं नाही. म्हणून हो म्हणाला, आणि पुढं दर साली स्वतः येऊन, माझ्या घरची पुरणपोळी खाऊन, माझी एकुलती एक खरी गोष्ट मुळासकट उपटून गेला. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी चार गावांत त्याचे वाभाडे काढले असते. याचे काढायला गेलो तर किसनराव काय म्हणाला? "गणपतराव खोटं बोलले व्हय? आप्पा, निदान मेलेल्या माणसावर तरी थापा मारू नका." चावडीवर कुणी हसलंसुद्धा नाही. गणूची इभ्रत अशी की तो मेल्यावरही ती माझ्यावर भारी पडली, आणि मला माझा राग धरायलाही साक्षीदार मिळाला नाही.

गेल्या सोमवारी सकाळी तुळशीमागं गेलो. तीन साल जागचं हललेलं नव्हतं झाड. पानांच्या बुडाशी एक हिरवी चोच होती. हिरव्या चोचीला लाल काठ.

मी आत जाऊन टोपी घातली, बायकोला म्हणालो, हिंगोलीला जाऊन येतो. वेशीपर्यंत भरभर गेलो. काय बोलायचं तेही ठरवलं होतं : गण्या, लेका, आली. वेशीबाहेर दोन गाडीवाले उभे होते, त्यातला एक म्हणाला, "बसा आप्पा, स्टेशनला सोडतो." तेव्हा लक्षात आलं की ज्याला सांगायला निघालो तो नाही.

गाडीवाल्यानं विचारलं, कुणाकडं जाऊन राहिले? मी म्हणालो, कुणाकडं नाही, असाच. त्यानं हे पटकन खरं मानलं.

दहा वर्षं थांबवलंस ते एक वेळ सोडलं असतं, गणू. पण दाखवायच्या वेळी असायला नको होतास का?