राजसबाईंनी नाव घेतलं

एकोणपन्नास वर्षांच्या संसारात राजसबाईंनी नवऱ्याचं नाव एकदाही तोंडावाटे काढलं नव्हतं. तंजावरकडच्या मराठी घरातली ती पद्धत, आणि त्यांनी ती हट्टानं पाळली. दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं तर त्या फाईल पुढे सरकवायच्या. रेशनकार्डाच्या वेळी तर नाव सांगायला शेजारच्या रामस्वामींना सोबत नेलं होतं. नवऱ्याला हाक म्हणजे 'अवो'. तेवढ्या दोन अक्षरांवर मुलं वाढली, वेस्ट मांबलमला फ्लॅट झाला, कुठे काही अडलं नाही.

अडलं ते आता. बालाजीराव तीस वर्षं रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत बसले. समोर नावाची पाटी, त्यामुळे येणारा-जाणारा त्यांना नावानंच हाक मारायचा. सगळ्या गाड्या तोंडपाठ असलेला हा माणूस दोन वर्षांपासून एकेक माणूस विसरत चालला होता. आठवणीतून आधी व्याही गेले, मग जावई, मग पोटचा मुलगा. नात भव्या अण्णा नगरला नोकरीला, दर रविवारी यायची; तिला ते दर रविवारी नव्यानं विचारायचे, "तू कुणाची गो?" उरल्या होत्या एकट्या राजसबाई. पण हल्ली 'अवो'सुद्धा दोन-तीनदा म्हणावं लागे. आता आपली पाळी, हे त्यांना कळत होतं.

डॉक्टर विद्यालक्ष्मी म्हणाल्या, "आधी नावानं हाक मारा, मग बोला." त्यांचं काय जातं सांगायला.

मग एका रविवारी भव्यानं टॅबवर एक खेळ आणला. जादूचं राज्य, ढेकरा देणारे राक्षस, आणि त्यांच्याशी लढणारी चौघांची टोळी. ही चौघं आपली आपण घडवायची. नाक, मिशा, टक्कल, सगळं आपल्या पसंतीचं. भव्यानं आजोबांना जांभळ्या झग्यातला जादूगार केलं, कानावरच्या केसांसकट. आजीला स्वयंपाकीण केलं आणि हातात तलवारीएवढी पळी दिली.

"आज्जी, आजोबाचं नाव काय घालू?"

"घाल की, तुज ठाऊक आहे ते."

"तू सांग ना."

"थट्टा नको करू, कण्णा," त्या लाडानं म्हणाल्या.

शेवटी भव्यानंच घातलं. खेळात एक रागीट कांदा स्वयंपाकिणीच्या अंगावर धावून यायचा, आणि तिच्या तोंडून फुग्यात अक्षरं उमटायची, 'बालाजीराव, वाचवा!' सकाळपासून भिंतीकडे बघत बसलेले बालाजीराव पुढे सरकून ते मोठ्यानं वाचायचे आणि बोटानं जादू सोडायचे. एकदा तर खळखळून हसले. "सुटली बघा बिचारी," म्हणाले.

राजसबाईंना त्या मेलीचा हेवा वाटला. एवढीशी बाहुली, खुशाल नाव घेते, आणि हे तिच्या हाकेला धावतात. आपण इथे गुडघ्याला गुडघा लावून बसलोय, त्याची यांना दखल नाही.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं सासू सांगायची. घटलं तर घटलं, ओळख तरी राहील, असं त्यांनी मनाशी ठरवलं. चार दिवस कुकरच्या शिट्टीआड त्या नाव पुटपुटत राहिल्या. जीभ दरवेळी अडखळायची. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बालाजीराव," त्या म्हणाल्या.

पहिल्याच हाकेला मान वर झाली. पाठ ताठ झाली, डोळ्यांत जाग आली, चेहरा हसरा झाला. राजसबाईंचा जीव सुपाएवढा झाला.

"उक्कारुंगो मॅडम," समोरच्या खुर्चीकडे हात करून ते म्हणाले. "बसा. कुठली गाडी हवी?"

"मी वो. राजस."

बालाजीराव संकोचले. "ऑफिसातलं काम ऑफिसात, मॅडम. घरी आलात, काफी तेवढी घेऊन जा." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "अगो, कोणी बाई आलीत. काफी आण."

राजसबाई मटकन खुर्चीत बसल्या. नावानं हाक मारते ती खिडकीबाहेरची बाई. घरची बायको नाव घेईलच कशी? एवढी साधी गोष्ट डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हती, भव्याला नव्हती. पण आपल्याला तर ठाऊक होती. जे थोडंफार उरलं होतं ते आपण आपल्या हातानं घालवलं.

"अवो, मीच की ती," त्या म्हणाल्या. तीनदा म्हणाल्या. बालाजीराव पाहुणीकडे बघून सभ्यपणे हसत राहिले आणि मधूनमधून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

शेवटी त्या उठल्या आणि आत गेल्या. "आणते वो," आतून म्हणाल्या. बाहेरून समाधानाचा हुंकार आला. दूध उतू गेलं तरी त्यांना कळलं नाही. ओट्याला धरून त्या आवाज न करता रडल्या, पदरानं तोंड पुसलं आणि काफीचा टंबलर घेऊन बाहेर आल्या.

बालाजीराव लगबगीनं उठून उभे राहिले.

"अय्यो मॅडम, तुम्ही कशाला आणलात?" ते ओशाळून म्हणाले. "माझी बायको आणत होती की."