बांधावरची इंग्रजी कुऱ्हाड

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! सणसवाडीच्या कंपनीत लागलो, साहेबाचं इंग्रजी ऐकलं आणि शिरूरच्या स्टँडवरून इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक घेतलं. अर्थ, उगम, सगळं मराठीत. घरच्यांना इतका पिडायचो, की आई म्हणायची, "बाबा, जेवताना तरी मराठीत जेव!"

त्यात माझं लग्न ठरलं. आमचे वडील, आप्पा, आणि चुलते, तात्या, यांचं बांधावरून बोलणं बंद. तात्या मांडवात पाऊल टाकायला तयार नाहीत. सख्ख्या चुलत्याशिवाय लग्न? आमच्या कवठे येमाई गावात तोंड कुठं दाखवायचं?

तेवढ्यात पुस्तकात सापडलं, 'बरी द हॅचेट'. म्हणजे वैर संपवणं. उगम काय, तर अमेरिकेतले मूळचे लोक तह झाला की कुऱ्हाड जमिनीत पुरायचे. वाटलं, देवच पावला!

हातापाया पडून दोघांना शेतात आणलं. घरची कुऱ्हाड आप्पांच्या हातात देऊन सगळा उगम ऐकवला.

"आन् पुरायची कुठं?" तात्यांनी विचारलं.

"बांधावर!" मी ऐटीत म्हणालो.

अहो, ज्या बांधावरून भांडण, तिथंच खड्डा!

"बांध हितनं जातोय," आप्पा म्हणाले.

"न्हाई! पार तिकडं हाय!"

म्हटलं, आडवी पुरू, थोडी इकडं, थोडी तिकडं.

"म्हंजी पातं माझ्याकडं व्हय रं?" तात्या उसळले. "आन् दांडा तुझ्या बापाकडं?"

पातं कुणाकडं, हे पुस्तकात लिहिलेलंच नव्हतं! अमेरिकेत काय करत असतील? त्यांना बांध नव्हते का? माझं डोकंच चालेना.

"मग तात्या, तुमचीपण आणा. दोन पुरू!"

तात्या तरातरा घरी जाऊन कुऱ्हाड घेऊन आले. आता लांबून काय दिसलं असेल? बांधावर दोन भाऊ, दोघांच्या हातात कुऱ्हाडी, मधे खड्डा खणणारा मी!

सगळी भावकी बोंबलत धावली. सरपंच धापा टाकत ओरडले, "आरं, मुडदं पाडताय का काय!"

आप्पांनी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी आप्पांकडं.

"काय न्हाई वं," आप्पा ओशाळून म्हणाले, "पोरगं इंग्रजी शिकलंय."

"व्हय," तात्यांनी री ओढली. "लगीन तोंडावर आलंय आन् डोक्याचं आसं झालंय. चल दादा, घरी बसून बघू, काय करायचं याचं."

आणि दोघं भाऊ माझ्या काळजीनं बोलत बोलत घरी गेले! मी खड्ड्यातच.

लग्नात तात्या फेटा बांधून सगळ्यात पुढं. आप्पांच्या खांद्यावर हात टाकून माझ्या सासऱ्यांना सांगत होते, "पाव्हणं, पोरगं सोन्यावानी हाय. फकस्त इंग्रजी बोलाया लागलं, की घरातली कुऱ्हाड लपवा."