खाटेखालचे डबे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डबे खाटेखाली सरकवणं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. वनस्पती तुपाचे रिकामे पत्र्याचे डबे, त्यांत माती, मातीत माझ्या बायकोचे रानफुलांचे कांदे. वेल, पानं वाळली की ती कापून टाकायची अन् डबे आत घ्यायची. आषाढापर्यंत पाणी बंद. झोपलेत ते, म्हणायची, उठवू नका.

मी मिलमध्ये जन्म घालवलेला माणूस, शिक्षण तिसरी. राज्याचं नाव बदलून मध्यप्रदेश झालं, माझा मिलचा भोंगा तोच राहिला. फूल म्हणजे झेंडू, एवढंच मला ठाऊक. ती घाटाजवळच्या खेड्यातली. रानात किती तऱ्हा आहेत ते तिनं दाखवलं. कळलावी खाली पिवळी, वर लाल, चुलीतल्या जाळासारखी; पानाच्या टोकानं कुंपण धरून चढते. मुसळीची पांढरी चांदणी अंगठ्याच्या नखाएवढी. जंगली कांद्याला तर आधी फूल, पान मागाहून. खणताना एक तरी कांदा ती जागेवर ठेवायचीच.

झोपलेले डबे सगळे सारखेच दिसतात. म्हणून ती प्रत्येकात बांगडीचा तुकडा खोवायची. लाल तुकडा कळलावीचा, निळा मुसळीचा, पिवळा जंगली कांद्याचा. बांगडी मुद्दाम कधी फोडली नाही. आपोआप वाढली तरच.

त्या दिवशी एक डबा बिनखुणेचा राहिला. तो कांदा चोरल गावाजवळच्या नाल्याकाठून आणलेला. तेव्हा नुसती पानं होती, फूल तिनंही पाहिलं नव्हतं. तिला त्याचीच ओढ. मी म्हटलं, राहू दे, मी लक्षात ठेवीन.

ती हसली. "तुम्ही? धनिया आणायला पाठवलं तर पुदिना आणता. एखादी बांगडी वाढली की लावू."

संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं.

सकाळी शेजारच्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरायला घेतला. हात आखडला होता. एक बांगडी वाढली. शेजारच्या वहिनी तुकडे गोळा करून टाकायला निघाल्या.

"वहिनी, एक मला द्या."

त्यांनी एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. बाहेर तिरडी बांधत होते. मी खाटेखाली वाकलो, बिनखुणेचा डबा ओढला अन् हिरवा तुकडा मातीत खोवला. हात आपसूक पाण्याच्या लोट्याकडे गेला. मागे घेतला. डबा परत आत सरकवला अन् बाहेर गेलो.