गोगलगायींची समाधी

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या रेणापुरात पेढे वाटले. पाणी वाटायला मात्र कुणाकडे नव्हतं. नवरा नव्या कलेक्टर कचेरीत चिकटला होता. आठवड्याला एकदा यायचा आणि "आता सगळं होईल" म्हणून निघून जायचा. मी शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळी फळ्यावर पाऊस कसा पडतो ते काढायचं आणि संध्याकाळी घागर घेऊन रांगेत उभं राहायचं, असा माझा अभ्यासक्रम.

घरात मी आणि सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. त्यांचं किराणा दुकान, गावाबाहेर थोडं शेत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि त्या वर्षी तोंडात एकच वाक्य, "मला तहान न्हाई." तांब्या माझ्याकडे सरकवायचे आणि स्वतः ओठांवरून जीभ फिरवायचे. मला असा राग यायचा! भर उन्हाळ्यात दुकानात बसणाऱ्या माणसाला तहान लागत नाही, हे कुठलं विज्ञान? म्हणून शेतात विहीर घ्या, असा धोशा मीच त्यांच्यामागे लावला.

काळी माती गेली, मुरूम गेला, मग लागला काळा पाषाण. सुरुंग उडवले तरी त्याच्या डोळ्यात पाणी येईना. शाळा सुटली की मी काठावर उभी राहून ज्ञान पाजळायची. "मामा, ही सगळी लाव्हा आहे बरं. एक थर आला, थंड झाला, वर झाडं उगवली, तळी साचली. मग आला दुसरा थर."

"म्हंजे तवा बी लई ऊन होतं म्हण की," मामा म्हणायचे.

एका दुपारी पाषाण संपला आणि खडूसारखा पांढरट थर लागला. खोदणाऱ्यांनी त्याची एक चीप वर पाठवली. तिच्यात गोगलगायी! करंगळीच्या नखाएवढ्या, पार दगड झालेल्या, पण वेटोळं न् वेटोळं शाबूत. मी आनंदानं ओरडलेच. मामांनी चीप डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"काम बंद करा रे! ही समाधी हाय."

"कुणाची?"

"ह्यांची. बघ की, एकूण एक बसलेल्या हायत. आडवं कुणी न्हाई."

आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. तेव्हा मातीत बसलेलं सापडलं की ते आपल्यातलं, असा मामांचा सरळ हिशोब. मी कपाळावर हात मारला. "मामा, गोगलगाय बसणार नाही तर काय शेषशायी होणार? कोट्यवधी वर्षांपूर्वी तळ्यात मेल्या, वरून लाव्हा आली."

"मेल्या ना? मंग झालं. पुरलेल्याला उकरायचं नसतं."

खोदणारी माणसं सामान आवरायला लागली. कंधारकडे दुसरी विहीर त्यांची वाट बघत होती. एकदा गेली असती तर पावसाळ्यापर्यंत तोंड दाखवणार नव्हती. माझा तोल गेला. "मेलेल्या गोगलगायींची एवढी काळजी, आणि जिवंत माणसाच्या घशाचं काय?" मामांनी चिपेवरची माती बोटानं पुसली. शेवटी म्हणाले, "मठातल्या स्वामींना इचारू."

स्वामींना बोलवायचं म्हणजे आधी त्यांचे पाय धुवायचे, आणि घरात पाणी एक घागर. ती कडेवर घेऊन मी शेतात आले, ती स्वामींच्या पावलांना किती पाणी लागेल याचा मनात अंदाज घेतच. पण घागर बघताच त्यांनी पाय मागे घेतले. "ऱ्हाऊ दे बाई. धूळ बी आपलीच हाय."

मग त्यांनी चीप उलटीपालटी करून बघितली. "समाधी हाय. पटलं मला," ते म्हणाले. "पर ही पाण्यातली लेकरं. त्यांना कोरडं ठिवून तुमी कसलं पुण्य करून राहिलात? पाणी काढा, आन् पहिलं त्यांना घाला."

पहार पुन्हा चालू झाली. मामा चीप मांडीवर घेऊन काठावर बसले. "पोरी, आपुन बी असं दगड हून सापडू का गं कुणाला?"

"त्याला वरून लाव्हा यायला पाहिजे, मामा."

"मंग ऱ्हाऊ दे. हितं पाऊस ईना, लाव्हा कुठली यायला!"

दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या थराच्याच बुडातून ओल सुटली, मग बोटभर धार लागली. पहिलं पाणी गढूळ आलं. मी ते पदरानं तांब्यात गाळून मामांच्या हातात दिलं. त्यांनी लिंग तळहातावर घेऊन चार थेंब घातले. मग चिपेवर थोडं ओतलं. आणि सवयीनं तांब्या माझ्याकडे सरकवला.

"घे. मला तहान न्हाई."

"मामा!" मी एवढ्यानं ओरडले की विहिरीतल्या माणसांनी मान वर केली. रडूच फुटलं मला.

मामांनी मुकाट्यानं तांब्या तोंडाला लावला. डोळे मिटून, मधे श्वासही न घेता, सगळा संपवला. पाणी हनुवटीवरून लिंगावर ओघळलं तरी पुसलं नाही. मग रिकामा तांब्या माझ्यापुढे धरून हळूच म्हणाले, "आजून हाय का गं?"