रेडिओची वाटी

मातीवाल्या बाईंची उभी हयात कारखान्यात संडासाची भांडी साच्यातून काढण्यात गेली होती. "अख्खं शहर रोज सकाळी माझ्या कामावर बसतं," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि पोरं खिदळायची. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी ग्रंथालयाच्या तळघरातली रिकामी खोली मागून घेतली, भंगारातली भट्टी दुरुस्त केली आणि आसपासच्या मुलांना मातीकाम शिकवायला लागल्या.

फी नावापुरती. ती परवडायची एवढ्याचसाठी की बाई मातीचा कणही वाया जाऊ देत नसत. भाजायच्या आधी भांडं पाण्यात टाकलं, की विरघळून पुन्हा माती होते. जे मूल बरेच दिवस फिरकलं नाही, त्याचं कच्चं काम सरळ कोपऱ्यातल्या पिंपात जायचं. पोरांना हा नियम पाठ होता.

शिंप्याच्या मुलीचं तोंड क्षणभर मिटायचं नाही, म्हणून तिचं नाव पडलं रेडिओ.

"बाई, माझी वाटी वाकडी नाहीये, टेबल तिरकं आहे."

"टेबलाचं मी बघते. तू आधी कोपर टेकव."

मग रेडिओ यायची थांबली. बाईंनी वाट पाहिली, चिडल्या, "नव्याचे नऊ दिवस," असं पुटपुटल्या आणि वाटी पिंपात सोडली.

एका दुपारी गळ्यात मोजायची टेप तशीच ठेवून एक माणूस जिना उतरून आला.

"तुम्ही रेडिओ म्हणायचात ना, तिचा मी बाबा."

"कुठे दडी मारलीय कार्टीने?" बाई हसत म्हणाल्या.

"गेली ती. ताप डोक्यात चढला."

बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. ते आवरायचं कसं हेही त्यांना कळेना.

"तिची वाटी असेल ना इथे?" तो म्हणाला. "तिच्या आईला हवीय. घरात तिच्या हातचं काहीच नाही हो. कपाटभर कपडे आहेत, पण ते सगळे मी शिवलेले."

खरं सांगायला बाईंनी तोंड उघडलं. तोवर तो फडताळापाशी पोचलाही होता. वाटी कशी करू नये, हे दाखवायला बाईंनी स्वतः मुद्दाम केलेली एक वेडीवाकडी वाटी तिथे वाळत होती. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली.

"हीच. वाकडी झालीय म्हणून घरी किती भांडली होती!" मातीत उमटलेल्या खुणांवरून त्याने बोट फिरवलं. "बघा ना, किती बारीक बोटं."

बाईंचे हात लहान होते. ते त्यांनी हळूच एप्रनखाली घेतले.

"हो," त्या म्हणाल्या. "तिचीच. भाजून ठेवते, मग न्या."

भट्टीत त्यांनी ती एकटीच ठेवली आणि आच अगदी सावकाश चढवली. न्यायला दोघंही आले. आईने विचारलं, "बसायची कुठे ती?" बाईंनी खिडकीखालचा स्टूल दाखवला. तेवढं तरी खरं होतं.

त्यानंतर मात्र पिंपाकडे त्यांचा हात वळेना.

"बाई, हा हत्ती ज्याचा, तो मुलगा तर शहर सोडून गेला."

"असू दे."

"टाकू का पिंपात?"

"असू दे म्हटलं ना!"

फडताळ भरलं, खिडकी भरली, मग भिंतीकडेने जमिनीवर रांगा लागल्या. जुनी माती परत येईना आणि नवी विकत घेणं झेपेना. बाईंनी आधी वर्गाचा एक वार बंद केला, नंतर दुसरा. शेवटी नवीन मुलं घेणंही थांबवलं.

एक मुलगी आईचा हात धरून दाराशी आली होती.

"माती नाही गं बाळा," बाई म्हणाल्या.

मुलीने खोलीभर नजर फिरवली. हत्ती, दिवे, कान तुटलेले कप, खालपासून वरपर्यंत.

"एवढी आहे की," ती म्हणाली.

आई तिला जिन्याकडे घेऊन गेली, तरी बाई दार धरून तशाच उभ्या राहिल्या.