कललेली कोयरी

योगिताच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं तिची आई शोभाबाई सांगते, आणि ते खोटं नाही. पण यंदा तो राग ज्या गोष्टीवर निघाला ती इतकी बारीक, की सांगायला जावं तर माणसं हसतात. हसू देत. ज्याच्या अंगावर येतं त्यालाच कळतं.

गुजरातेतल्या बमरोलीच्या चाळीत वाढलेली ही पोर पर्वत पाटियाजवळच्या एका ऑफिसात कामाला आहे. साड्यांच्या काठांची डिझाइनं तिथे कॉम्प्युटरवर तयार होतात आणि त्यांच्या फायली लूम्सवाल्यांकडे, म्हणजे यंत्रमागवाल्यांकडे, जातात. फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट जेसी' असतं. आत पाहिलं तर ओळीच ओळी, त्यांत नुसत्या फुल्या आणि रिकाम्या जागा. फुली म्हणजे धाग्याची तार वर उचल, रिकामी जागा म्हणजे तार खालीच राहू दे. योगिता ती फाइल कोड लिहायच्या एडिटरमध्ये उघडते, वरच्या ओळीत पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव घालते, सेव्ह करते आणि पाठवून देते.

आता एडिटरला सांगावं लागतं, कुठल्या शेवटाची फाइल कुठल्या प्रकारची. नाही सांगितलं तर तो अनोळखी फाइलला साधा मजकूर समजून मोकळा होतो. ऑफिसचे मुख्य प्रोग्रॅमर तुषार सर यांनी दिवाळीनंतर सगळ्यांच्या एडिटरवर एकच सेटिंग बसवलं. साध्या मजकुरात ओळींच्या शेवटी रिकाम्या जागा राहिल्या असतील तर सेव्ह करताना त्या आपोआप पुसल्या जाव्यात, म्हणजे फायली स्वच्छ राहतात. योगिता त्याच दिवशी म्हणाली, "सर, जेसीचा प्रकार वेगळा लावा. तिथल्या रिकाम्या जागा म्हणजे कचरा नाही."

"ओळ आखूड पडली तर मशीन ती स्वतःच रिकामी भरून घेतं. मी तपासलंय," तुषार सर म्हणाले. "आणि एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील."

तपासलं नव्हतं. तपासायला लूम्सच्या खात्यात, म्हणजे माग चालतात त्या शेडमध्ये, जावं लागतं, तिथल्या खडखडाटात उभं राहावं लागतं, आणि एसीत बसून शिस्त लावणाऱ्यांना तेवढी सवड कुठली? योगिताने वरिष्ठांचा शब्द खरा मानला आणि पुढच्या फायली मुकाट सेव्ह करत राहिली.

त्यातली एक फाइल बमरोलीच्याच एका खात्यात गेली. तिथल्या जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, योगिताचे वडील सुपडू कारागीर होते. तरुणपणी धरणगावकडून आलेला हा माणूस साऱ्या आयुष्यात दुसरं काही शिकला नाही, पण हे मात्र असं शिकला की नवा माणूस आला की खात्याचा मालक सेठ त्याला सुपडूच्या शेजारी उभं करायचा. या वेळी काठावरच्या कोयऱ्या कलल्या. कापडाचे ताकेच्या ताके खराब निघाले. सेठने सगळ्यांसमोर सुपडूला झोपा काढतो म्हटलं, मशीनवरून उतरवलं आणि खांद्यावरून ताके वाहायला लावलं. पन्नाशी उलटलेल्या कारागिराला, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरांच्या देखत.

शोभाबाईला शेजारणीकडून कळलं आणि तिच्याकडून योगिताला. योगिताने वडिलांना विचारलं तेव्हा ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मना डोया गयात, माय. माले तं ती कोयरी सरयच दिसे."

"कोण म्हणतं डोळे गेले?"

"सेठ काय खोटं बोलस का?"

ते सरकारी दवाखान्यात डोळेसुद्धा दाखवून आले होते. डॉक्टरने चांगले आहेत सांगितलं, तर यांना डॉक्टरवर विश्वास बसेना. सेठने शिव्या दिल्या याचा योगिताला राग आला नाही असं नाही, पण आपल्या बापाने त्या शिव्या खऱ्या मानाव्यात, याने तिच्या अंगाची लाही लाही झाली.

खराब ताक्यातला एक तुकडा सुपडूने घरी आणून ठेवला होता. योगिताने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. कोयरी सगळीकडे कलली नव्हती. जिथे उजवीकडे नुसतं मोकळं कापड हवं होतं, तिथूनच ती सरकायला लागत होती. तिला सेव्ह करताना पुसल्या जाणाऱ्या रिकाम्या जागा आठवल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने डिझायनरने दिलेली मूळ फाइल आणि आपण पाठवलेली फाइल शेजारी शेजारी उघडली. शेवटच्या रिकाम्या जागा पुसल्या गेल्यामुळे ओळी आखूड झाल्या होत्या, आणि मशीनने ओळ भरायला पुढच्या ओळीतल्या फुल्या मागे ओढल्या होत्या.

वडिलांवर आलेलं सगळं सांगून तिने दोन्ही फायली दाखवल्या. तुषार सरांनी पाहिलं, गाल खाजवला आणि दोन ओळींचं सेटिंग लिहिलं: डॉट जेसी म्हणजे साधा मजकूर नव्हे, इथे काही पुसायचं नाही. चहा गार व्हायच्या आत काम झालं.

"झालं ना?" ते म्हणाले. "आता खात्याला काही कळवू नकोस. पार्टी हातची जाईल. आणि तू वडिलांचीच बाजू घेतेयस असं म्हणतील लोक."

"वडिलांचीच घेतेय, सर. तुमची घ्यायला तुम्हाला कुणी मशीनवरून उतरवलेलं नाही."

तिने तिथेच, त्यांच्या टेबलाशी उभं राहून, स्पीकरवर सेठला फोन लावला. मी सुपडूभाईंची मुलगी, पण बोलतेय ऑफिसमधून, फाइल आम्ही बिघडवली, कारागिराची चूक नाही, हे तिने स्वच्छ गुजरातीत सांगितलं. तुषार सर उठून बाहेर निघून गेले. पलीकडून सेठ एवढंच म्हणाला, "ठीक छे. नवी फाइल मोकलो." माफीचा शब्द ना फोनच्या या टोकाला, ना त्या टोकाला. मशीन बिघडलं असतं तर मिस्त्रीने त्याची चार वेळा विचारपूस केली असती.

सुपडूला पुन्हा मशीनवर घेतलं. रविवारी योगिता डबा घेऊन खात्यात गेली. नवा काठ उतरत होता आणि कोयऱ्या अगदी सरळ उभ्या होत्या. सुपडूने मशीन थांबवलं, काठावर बोट ठेवलं आणि लेकीला जवळ बोलावलं.

"सरय शे का, माय?"

"सरळ आहे, आबा."

मशीन पुन्हा सुरू झालं. जेमतेम वीतभर कापड उतरलं असेल, तेवढ्यात त्यांनी ते पुन्हा थांबवलं आणि शेजारच्या मागावर त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोराला तेच विचारलं.